पंप-नोझलचे काम : आधी मोजणी, मग खर्च

ट्रक चढाला दम टाकू लागला, धूर काळा पडला आणि ॲव्हरेज घसरले की गॅरेजमध्ये एक ठरलेले वाक्य ऐकायला मिळते : "इंजेक्टर गेलेत, सहाही बदलावे लागतील." नव्या जमान्याच्या सहा सिलिंडर इंजिनावर या वाक्याची किंमत एक ते दोन लाख रुपये असते. वाक्य खरेही असेल. पण तपासणी झाल्याशिवाय ते खरे की खोटे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. तपासणीला काही हजार लागतात, बदलायला लाख. म्हणून पहिला पैसा मोजणीवर खर्च करा. नव्या पार्टचे नंतर पाहू.

खर्चाचा अंदाज बांधण्याआधी आपल्या गाडीवर कोणती यंत्रणा आहे ते पक्के करा, कारण दोन यंत्रणांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या गाड्यांवर इनलाइन पंप असतो. मिस्त्री लोक त्याला अजूनही मायको पंप म्हणतात, कारण बॉशची भारतातली कंपनी १९५१पासून २००८पर्यंत मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, याच नावाने ओळखली जात होती. या पंपातून सहा जाड पाइप थेट सहा इंजेक्टरांकडे जातात आणि नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडते. कॉमन रेलमध्ये एक हाय प्रेशर पंप सगळे डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, १,६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने भरून ठेवतो. प्रत्येक इंजेक्टरला वायर असते आणि तो कधी, किती वेळ उघडायचा हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवते. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ला आले, बीएस-६ १ एप्रिल २०२०ला. बीएस-६ ट्रक असेल तर कॉमन रेल धरून चाला. बीएस-४ मात्र नुसत्या कागदावरून ठरवू नका. अशोक लेलँडने त्या काळात काही इंजिनांवर आयईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये घेणारी योजना) बसवून इनलाइन पंप कायम ठेवला होता. केबिन उचला आणि इंजेक्टरला वायर आहे का ते पाहा.

पुढचे आकडे अंदाजासाठी आहेत. मॉडेल, शहर आणि पार्टची कंपनी यांनुसार ते खाली-वर होतील. कोटेशन या पट्ट्याच्या फार बाहेर गेले तर कारण विचारा.

जुना पंप

इनलाइन पंपाचे काम अजूनही खिशाला झेपणारे आहे. सहा इंजेक्टर काढून त्यांचा दाब आणि फवारा तपासायला, शिम घालून दाब सेट करायला प्रत्येकी १५० ते ३०० रुपये पडतात. नवे नोझल ७०० ते १,५०० रुपयांना मिळते. नोझल सहाही एकदम बदलावीत; एकेक बदलत बसण्यात मजुरीच वाढते आणि इंजिन एकसारखे चालत नाही. बिलावर "नोझल" लिहिले असेल तर फक्त पुढचे टोक बदलले आहे की होल्डरसकट अख्खा इंजेक्टर, ते स्पष्ट लिहून घ्या.

पंप बेंचवर लावून कॅलिब्रेशन करण्याची मजुरी ३,००० ते ६,००० रुपये. एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह घासले असतील तर सामानाचे आणखी ८,००० ते १५,००० लागतात. गव्हर्नर, बेअरिंग, सील यांच्यासह पूर्ण ओव्हरहॉल १५,००० ते ३०,०००च्या घरात जातो. कॅलिब्रेशन म्हणजे सहाही एलिमेंट ठराविक फेऱ्यांना सारखेच डिझेल देतात की नाही, हे नळ्यांत मोजून जुळवणे. मोजणी चालू असताना बेंचपाशी उभे राहा. सहा नळ्यांतली पातळी सारखी आली की नाही, हे पाहायला मिस्त्री असण्याची गरज नाही.

"पिकअप वाढवून देतो" म्हणून पंपाचा स्क्रू पिळून जास्त डिझेल सोडणाऱ्याला मात्र स्पष्ट नकार द्या. घाटात चार दिवस बरे वाटते. पण न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंती धुऊन काढते, पिस्टन आणि रिंगा तापतात, आणि दोन हजारांचे ते काम इंजिनाच्या बोअरपर्यंत पोहोचते. कॅलिब्रेशन झाले की पंपाला सील मारून घ्या आणि ते सील शाबूत आहे का, ते अधूनमधून पाहत राहा.

कॉमन रेल

खरा पैसा इथे जातो. इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांतली फट एक ते तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केसही पन्नास मायक्रॉनच्या पुढे असतो. इतक्या बारीक कामात घासलेला पार्ट डोळ्यांनी ओळखता येत नाही. कापडाने पुसून, फुंकर मारून "हा चांगला, हा गेला" असे सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

बेंचवरची तपासणी प्रत्येकी ५०० ते १,००० रुपये. तिचा छापील रिपोर्ट मिळतो : पूर्ण लोडला, मध्यम लोडला आणि आयडलला किती डिझेल सोडले, रिटर्नला किती गेले, आणि कंपनीच्या मर्यादा काय आहेत. हा कागद मागा. तो देत नसतील तर दुसरे दुकान शोधा. नोझल आणि व्हॉल्व्ह सेट बदलून रिपेअर करायला प्रत्येकी ६,००० ते १२,००० लागतात. नवा इंजेक्टर १८,००० ते ३५,०००. हाय प्रेशर पंपाची दुरुस्ती १५,००० ते ३०,०००, नवा पंप ५०,०००पासून लाखापर्यंत. काढण्या-बसवण्याची मजुरी ३,००० ते ६,०००, कोडिंगचे १,००० ते २,५००.

कोडिंग टाळता येत नाही. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात मोजला जातो आणि त्याचा स्वभाव सांगणारे अक्षर-आकड्यांचे कोड त्याच्या डोक्यावर छापलेले असते. ते कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरायचे असते. जुन्याच कोडवर नवा इंजेक्टर चालवला तर आयडल थरथरते, धूर येतो, आणि मग नवा पार्टच खराब निघाला असा समज होतो. काढतानाच प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा नंबर लिहा आणि कोडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

कोटेशनमधून हमखास सुटणाऱ्या गोष्टी म्हणजे तांब्याचे वॉशर, ओ-रिंग, रिटर्न लाइनच्या क्लिपा आणि हाय प्रेशर पाइप. वॉशर दर वेळी नवाच हवा. कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनात इंजेक्टरला बाजूने एक कनेक्टर टेकतो. तो नीट बसला नाही किंवा ठरलेल्या टॉर्कने आवळला नाही तर डिझेल रिटर्नला निघून जाते आणि दोष चांगल्या इंजेक्टरवर येतो.

सहाही बदलावेत का? माझे मत असे की सहाही तपासावेत, पण बदलावेत ते नापास झालेलेच. दोन झिजलेले निघाले आणि उरलेले चार मर्यादेच्या अगदी काठावर असतील तर चारही आताच रिपेअर करून घेणे स्वस्त पडते, कारण मजुरी आणि गाडी उभी राहण्याचा तोटा दुसऱ्यांदा सोसावा लागत नाही. उरलेले चार मर्यादेच्या बरेच आत असतील तर त्यांना हात लावू नका. एक प्रसंग मात्र वेगळा. फिल्टरच्या वाटीत चमकणारा धातूचा चुरा दिसला तर हाय प्रेशर पंप आतून सुटतो आहे आणि तो चुरा रेल, पाइप, सगळे इंजेक्टर आणि रिटर्नवाटे टाकीपर्यंत गेला आहे. तेव्हा नुसते इंजेक्टर बदलणे म्हणजे ते पैसे पाण्यात घालणे. पंप, रेल, पाइप, टाकी सगळे धुऊन-बदलून घ्यावे लागते आणि बिल दोन लाखांच्या पुढे सहज जाते.

इंजेक्टरवर आळ घेण्याआधी

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज आणि इंटरकूलरची गळती पाहा. हजार-दोन हजारांत गाडी मोकळी होऊ शकते. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. तो टर्बोकडे किंवा रिंगांकडे बोट दाखवतो. सकाळी सेल्फ लांबतो आणि पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो, तेव्हा थेंब गाळणाऱ्या इंजेक्टरचा संशय रास्त आहे. ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर गाडी पुढे चालवू नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते. बीएस-६ गाडीत गळका इंजेक्टर डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, काजळीने भरतो. वारंवार रिजनरेशन मागणाऱ्या गाडीचा डीपीएफ दर वेळी नुसता जाळून साफ करण्यापेक्षा इंजेक्टर तपासून घ्या.

इंजेक्टरांना वेगवेगळ्या रिटर्न नळ्या असतील तर रिटर्न तपासणी रस्त्यावरही होते. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, ठराविक वेळ इंजिन चालवायचे आणि बाटल्या ओळीने मांडायच्या. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमले तो इंजेक्टर आतून झिजला आहे.

इथे जिवाची गोष्ट आहे. जुन्या पंपावर चालू इंजिनात पाइपचा नट सैल करून मिसिंग सिलिंडर शोधायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कधीही वापरू नका. त्या दाबाची बारीक धार हातमोज्यातून कातडीच्या आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेले डिझेल मांस सडवते आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाले तर वेळ न दवडता हॉस्पिटल गाठा आणि दाबाचे डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांना सांगा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

खर्च करावा की थांबावे?

याचे उत्तर ॲव्हरेज देते. महिन्याला ८,००० किलोमीटर धावणारा ट्रक ४चे ॲव्हरेज देत असेल तर २,००० लिटर डिझेल लागते. तेच ३.७वर आले की सुमारे २,१६२ लिटर. ९० रुपये लिटर धरले तर महिन्याला साडेचौदा हजार रुपये धुरातून जातात. सहा इंजेक्टरांच्या रिपेअरचे ६०,००० रुपये अशा घसरणीत चार-सव्वाचार महिन्यांत वसूल होतात. पण घसरण इंजेक्टरमुळेच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे. त्याच रूटवर, तेवढ्याच लोडला, टाकी काठोकाठ भरून दोन-तीन फेऱ्यांचे ॲव्हरेज लिहा. चालक बदलला असेल, टायर बदलले असतील तर तेही लिहा. ॲव्हरेज जागेवर असेल आणि धूर किंचित असेल तर लाखाच्या कामाची घाई नको.

दुरुस्तीनंतर तोच रोग पुन्हा येतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाण्यात वंगणाचा गुण नसतो आणि ते गंज धरवते. वॉटर सेपरेटरचा खालचा नळ पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून एकदा सोडा. ऊसवाहतुकीच्या हंगामात फडावर ड्रममधून डिझेल भरले जाते, तिथे गाळणीचे कापड पुरत नाही. ड्रमच्या तळाचे डिझेल टाकीत घेऊच नका. नवा फिल्टर बसवताना त्यात कॅनमधले न गाळलेले डिझेल ओतायची सवय मोडा; हॅण्ड प्राइमर मारून भरा. नवे इंजेक्टर बसवण्याआधी टाकी खाली उतरवून धुवा आणि डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला, मग बिल तीन-चार हजारांनी वाढले तरी चालेल. पेट्रोल पंपावर घनता मोजून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. नोंदवहीतला आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी यांत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर तिथे डिझेल भरू नका.

बिलाबद्दल थोडे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी यांतल्या बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. जुन्या दराने लावलेले कोटेशन परत करा. "बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचेल" हे ऐकू नका, कारण डुप्लिकेट नोझल याच वाटेने येते आणि वॉरंटीही बुडते. रिकंडिशन इंजेक्टर घ्यायला हरकत नाही, फक्त आत कोणत्या कंपनीचे नोझल आणि व्हॉल्व्ह घातले ते बिलावर हवे. वॉरंटी महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये लिहून घ्या, आणि पार्ट पुन्हा गेला तर काढ-घालीची मजुरी कोण देणार तेही. जुने पार्ट परत मागा. एक्सचेंजमध्ये दिले असतील तर त्यांची किंमत बिलातून वजा झालेली दिसली पाहिजे.

काम फसले आणि दुकानदार दाद देईना, तर एक-दोन गाड्यांच्या मालकाला वाटते की व्यवसायाच्या गाडीची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये व्यावसायिक कामासाठी घेतलेला माल वगळला आहे हे खरे, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला त्यातून सूट आहे. स्वतः स्टिअरिंगवर बसून घर चालवणाऱ्या ट्रकमालकाने आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येते. सोबत लागतील ते पक्के बिल, कामाआधीचा आणि नंतरचा बेंच रिपोर्ट, कोडचे फोटो आणि ॲव्हरेजची वही.