दवाखान्यात हात उचलला तर किती, अर्ज दिला तर किती

सगळ्यात महाग गोष्ट आधी सांगतो. दवाखान्यातल्या मारहाणीसाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. डॉक्टर, सिस्टर, पॅरामेडिकल कर्मचारी, शिकाऊ विद्यार्थी, यांच्यापैकी कुणावरही हात उचलला किंवा मोडतोड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामिनासाठी कोर्टाचीच पायरी चढावी लागते. फोडलेल्या यंत्राची भरपाई खरेदी किमतीच्या दुप्पट: ८० हजारांचा मॉनिटर असेल तर १ लाख ६० हजार. भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं. दवाखाना सरकारी असेल तर लोकसेवकावरच्या हल्ल्याचं, भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ही लागतं. वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे वेगळेच.

नातेवाइकांचा राग नेहमीच खोटा असतो असं नाही. उपचारात हयगय झाली असेल तर दाद मागायलाच हवी, आणि तो रस्ता बराच स्वस्त आहे.

उपचारांचे कागद लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाची पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर आपल्या वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तिथली फी मागितलेल्या भरपाईवर नाही, तुम्ही मोजलेल्या बिलावर ठरते. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, तिथली तक्रार मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे ग्राहक आयोगात चालत नाही. तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही जाता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट नाही, इतर बहुतेकांना वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. फोन १५१००.

आता दवाखाना चालवणाऱ्यांसाठी. जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरूळपीरसारख्या ठिकाणचे छोटे नर्सिंग होम गार्ड ठेवायचा म्हणतात आणि एका पगाराचा हिशेब करतात. तो चुकतो. एका दारावर चोवीस तास माणूस हवा तर तीन पाळ्या, वर साप्ताहिक सुट्टीचा बदली, म्हणजे साडेतीन माणसं. एजन्सीचा दर माणशी १८ हजार धरला तरी महिन्याला ६३ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७४ हजार ३४० रुपये. एजन्सीकडे परवाना आहे का आणि गार्डचं कायद्यात सांगितलेलं १६० तासांचं प्रशिक्षण झालंय का, हे कागद बघूनच करार करावा.

माझं मत विचाराल तर दहा खाटांच्या दवाखान्याने त्याआधी तीन गोष्टींवर पैसे घालावेत: आतून कडी लागणारी ड्यूटी रूम, आवारात दिवे आणि कॅमेरे, आणि नातेवाइकांना दर काही तासांनी रुग्णाची तब्येत समजावून सांगणारा माणूस. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त, आणि तीच सहसा कुणी करत नाही.

आता पुन्हा नातेवाइकांसाठी. २०१७ साली धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीत डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतरच्या डॉक्टरांच्या संपात रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याचा नियम पुढे आला. दारावर पासवरून अडवलं तर हे आठवा आणि गार्डशी हुज्जत घालू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांना हिंसेच्या प्रत्येक घटनेचा अहवाल ४८ तासांत पाठवायला सांगितलं. वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झालं, म्हणजे ही सूचना तिथेही लागू.

मारहाणीपलीकडे चोरीचाही खर्च असतो. वॉर्डात मोबाइल चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो बंद करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त बिल जपून ठेवलेलं असावं, कारण त्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक असतो. दागिने मात्र घरीच ठेवून या.

मारहाण तुम्हाला झाली असो वा डॉक्टरला, फोन ११२ वर करा. एफआयआर नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि त्याची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावीच लागते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.