कासवाला शिकवणारी मुले

सात-बाराचा उतारा काढायला गेलो की आपल्याला कॉम्प्युटर दिसतो. बोटे चालतात, अक्षरे उमटतात, कागद बाहेर येतो. पाहणाऱ्याला वाटते, केवढे हुशार यंत्र! पण खरे सांगायचे तर ते यंत्र आपल्या मनाने काहीच करीत नाही. कोणीतरी त्याला आधी हुकूम लिहून दिलेले असतात. आधी हे कर, मग ते कर, असे. हुकुमांच्या या यादीला प्रोग्रॅम म्हणतात.

हे हुकूम लहान मुलांना लिहिता येतील का? तेही खेळता खेळता? एका विद्वानाने हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. त्यांचे नाव सेमूर पॅपर्ट.

पॅपर्ट यांचा जन्म १९२८ साली दक्षिण आफ्रिकेत झाला. लहानपणी त्यांना दातेरी चाकांचे भारी वेड होते. एक चाक फिरले की त्याला लागून असलेले दुसरे कसे फिरते, हे पाहण्यात ते रमून जात. पुढे शाळेत पाढे आले, समीकरणे आली. तेव्हा तीच चाके त्यांच्या डोक्यात फिरत आणि गणित सोपे होई. मोठेपणी त्यांनी काही वर्षे जिनिव्हा शहरात ज्याँ पियाजे या पंडितांबरोबर काम केले. मूल म्हणजे रिकामे मडके नव्हे, ते स्वतः खटपट करून ज्ञान उभे करते, असे पियाजे सांगत.

नंतर पॅपर्ट अमेरिकेत गेले. १९६७ साली त्यांनी सोबत्यांबरोबर मुलांसाठी हुकुमांची एक सोपी भाषा बनवली. तिचे नाव लोगो. त्या काळी कॉम्प्युटर कपाटाएवढा असे आणि त्याची किंमतही भारी. तो पोरांच्या हाती द्यायचा? लोक हसले.

लेक्सिंग्टन गावच्या एका शाळेत पॅपर्ट यांचे काम चाले. तिथे चित्रकलेच्या वर्गात मुले साबणाच्या वड्या कोरून वस्तू घडवीत. ज्याची त्याची वस्तू वेगळी. काम कितीतरी दिवस चाले. मुले एकमेकांचे पाहत, थांबून विचार करीत, पुन्हा कोरीत. पॅपर्ट यांच्या मनात आले, गणिताचा वर्ग असा का नसावा?

मग आले कासव. कासव म्हणजे चाकांवर चालणारे एक लहान यंत्र. त्याच्या पोटाखाली पेन असे. ते चालले की जमिनीवरच्या कागदावर रेघ उठे. मुलाने हुकूम लिहायचा, ‘पुढे १००’. कासव शंभर पावले जाई. ‘उजवीकडे ९०’ म्हटले की ते काटकोनात वळे. पुरती एक गिरकी म्हणजे ३६० अंश. तिचा चौथा भाग ९०. हे दोन हुकूम चार वेळा दिले की झाला चौकोन.

आता समजा, एका मुलीला तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढायचा आहे. अशा त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे तिने पुस्तकात वाचले आहे. म्हणून ती कासवाला दर कोपऱ्यावर ६० अंश वळवते. पण रेघा जुळतच नाहीत! त्रिकोणाचे तोंड उघडेच राहते. असं कसं झालं?

अशा वेळी पॅपर्ट सांगत, तू स्वतः कासव हो. उठ आणि चालून पाहा. मुलगी चालते. तिच्या ध्यानात येते की कोपऱ्यावर आपल्याला पुष्कळ जास्त वळावे लागते, १२० अंश. तीन वेळा १२० म्हणजे ३६०. चौकोनात चार वेळा ९०, तेही ३६०. फेरी मारून पहिल्या जागी, पहिल्याच दिशेला तोंड करून उभे राहायचे, तर एक पुरती गिरकी होणारच.

आम्हांला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पाटीवर अक्षर चुकले की आपण घाईने पुसतो आणि कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघतो. मोठेपणी शिकायला बसलेल्यांना ही लाज चांगली ठाऊक आहे. कॉम्प्युटरच्या कामात मात्र चुकीला ‘बग’, म्हणजे किडा म्हणतात. धान्यात किडा निघाला म्हणून कोणी पोते फेकते का? किडा शोधून काढायचा. मूल ‘ढ’ ठरत नाही, फक्त हुकूम दुरुस्त होतो. इथे कॉम्प्युटर मुलाला शिकवत नाही, मूल कॉम्प्युटरला शिकवते. शिकवणाऱ्याला कसली लाज?

पुढे लोगो पुष्कळ शाळांत पोहोचली. १९८०च्या पुढच्या काळात न्यूयॉर्कच्या काही संशोधकांनी तपास केला. लोगो शिकलेली मुले इतर कामांचा बेतही अधिक चांगला आखतात का? तसा फरक त्यांना दिसला नाही. पॅपर्ट यांचे उत्तर असे की नुसते यंत्र पाहू नका, ते कोणत्या वातावरणात वापरले तेही पाहा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, असे आम्हांला वाटते. पाटी आणून ठेवली म्हणून कोणी साक्षर होत नाही.

पॅपर्ट २०१६ साली वारले. त्यांच्याच वाटेने जाणारे मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सोबत्यांनी २००७ साली ‘स्क्रॅच’ आणले. त्यात हुकूम रंगीत ठोकळ्यांसारखे एकमेकांत बसवायचे. मुले त्यातून गोष्टी आणि खेळ बनवतात.

कासवाचा खेळ मात्र कॉम्प्युटरवाचूनही होतो. अंगणात एकाने कासव व्हावे, मुलाने हुकूम द्यावेत. आता सांगा पाहू, मधमाशीच्या पोळ्यातल्या घराला सहा बाजू असतात. ते काढायला कासवाने दर कोपऱ्यावर किती अंश वळावे? उत्तर मिळाले की त्या मुलीचा चुकलेला त्रिकोण जमिनीवर पुन्हा काढून पाहा.