गिबोन नेमकं कुठे आहे?

आजचं वाचन: यहोशवा ९:३-२७

आजच्या अध्यायात गिबोनचे लोक यहोशवाकडे येतात. सोबत काय आणतात? जुनी गोणपाटं, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, ठिगळं लावलेले जोडे आणि बुरसलेल्या भाकरी. आपण फार दूरच्या देशातून आलोय, असं ते सांगतात. इस्राएलचे पुढारी हा 'पुरावा' तपासतात, त्यांना तो पटतो आणि ते करार करून टाकतात. परमेश्वराला मात्र विचारत नाहीत. तीन दिवसांनी कळतं की ही मंडळी तर शेजारचीच!

म्हणजे गिबोन कुठे आहे, हा प्रश्न इतका जुना आहे. आणि तेव्हा उत्तर चुकलं, कारण पुरावाच खोटा होता.

आता अलीकडच्या काळात येऊ. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकन अभ्यासक त्या प्रदेशात फिरत होते. शास्त्रातली जुनी नावं अरबी गावांच्या नावांत टिकून आहेत का, हे ते बघत होते. यरुशलेमच्या वायव्येला काही किलोमीटरवर त्यांना 'अल-जीब' हे गाव भेटलं. इब्रीतला 'ग' अरबीत 'ज' होतो. हेच गिबोन, असं त्यांनी मांडलं.

पण नुसतं नाव जुळून भागत नाही. गावं उठतात, नावं दुसरीकडे जातात. १९५६ मध्ये जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन सुरू केलं. खडकात कोरलेला एक मोठा गोल हौद सापडला: सुमारे ११ मीटर रुंद, जवळजवळ तितकाच खोल, आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या. २ शमुवेल २ मध्ये अबनेर आणि यवाब यांची माणसं गिबोनच्या तळ्याकाठी समोरासमोर बसली होती, ते आठवतं ना? ते तळं हेच असावं, असं अनेकांना वाटतं. शिवाय घागरींचे तुटलेले कान सापडले. त्यांतल्या कितीतरी कानांवर जुन्या इब्री अक्षरांत नाव कोरलेलं होतं: गिबोन.

घागर तर गावोगाव फिरते, म्हणून एखाद्या कानाने काही ठरलं नसतं. पण एकाच टेकडीवर इतके कान, द्राक्षारस साठवायची साठहून अधिक तळघरं, गावाचं टिकलेलं नाव आणि शास्त्रातलं वर्णन, हे सगळं एकत्र आलं. म्हणून बहुतेक अभ्यासक आज अल-जीबलाच गिबोन मानतात.

आता दुसरी बाजू. यहोशवाचा काळ ज्या युगात धरला जातो, त्या युगातल्या काही कबरी तिथे सापडल्या, पण गावाची घरं किंवा तट सापडला नाही. टेकडीचा बराच भाग खणलेलाच नाही, हेही खरं. 'बायबल सिद्ध झालं!' असे फॉरवर्ड आपल्याला येतात, त्यात ही बाजू सहसा नसते.

आणि इथेच आपली परीक्षा आहे. ऑफिसातला, कॉलेजातला मित्र विचारतो, "याला पुरावा काय?" तेव्हा जिंकायच्या घाईत आपण अर्धंच सांगतो का? देवाच्या वचनाचा बचाव करायला बुरसलेली भाकर लागत नाही. जितकं सापडलं तितकं सांगा. जे सापडलं नाही, तेही सांगा. विश्वास त्याने लहान होत नाही, उलट मित्राला तुमच्या शब्दाचा भरवसा वाटतो.

फसवणुकीतून झालेला करारसुद्धा इस्राएलने पाळला. पुढे शौलाने तो मोडला, त्यामुळे नंतर देशावर तीन वर्षं दुष्काळ आला (२ शमुवेल २१). दिलेल्या शब्दाचं मोल परमेश्वरापाशी एवढं मोठं आहे.

आज एवढंच करा: पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी थांबा, तपासा आणि प्रभूला विचारा.

प्रार्थना: हे प्रभू, तुझ्याविषयी बोलताना माझ्या तोंडी खरंच असू दे. आमेन.