ओपन दिसतो, क्लोज विचारा

दिवाळीच्या तोंडावर फ्रिज बंद पडलेलं घर दुकानदार लांबून ओळखतो. घाई तोंडावरच असते. २०२५ च्या दिवाळीआधी आमचा फ्रिज असाच बसला. करंज्यांचा खवा शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि भाच्याला घेऊन मी कॉटन ग्रीनजवळच्या अभ्युदयनगरातून लालबागच्या दिशेने निघाले. पिशवीत पेपरातली पानभर जाहिरात घडी करून ठेवलेली होती. डबल डोअर फ्रिज, १७,९९०.

“तो पीस सकाळीच संपला, काकी. पण हा बघा ना.”

‘हा’ २२,९९० चा होता. स्वस्त वस्तू दाखवून गिऱ्हाईक आत ओढायचं आणि महाग वस्तू गळ्यात मारायची, ही रीत जुनीच. फसव्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हीही धरली आहे. माल मोजकाच असेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहायला हवं. म्हणून मी सरळ विचारलं, किती नग आले होते? दुकानातला मुलगा गप्प बसला. सेलमध्ये पहिला प्रश्न हाच विचारावा. उत्तर मिळेलच असं नाही, पण आपण पुढचंही ऐकून घेणार नाही हे समोरच्याला कळतं.

मग तो म्हणाला, “यंदा जीएसटी कमी झालाय, त्याचाही फायदा देतोय.” २२ सप्टेंबर २०२५ पासून कर कमी झाला हे खरं. एसी आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. फ्रिज मात्र जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहे. सात वर्षांपूर्वीची कपात यंदाची भेट म्हणून देत होता! पोराला बहुधा खरंच माहीत नसावं. वरून जे पढवलं जातं तेच ही मुलं बोलतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

फ्रिजच्या दारावर लाल कागद होता. एमआरपी ३४,०००, सूट ३२ टक्के. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, एवढाच तो कायदा. फ्रिजसारख्या वस्तूवर एमआरपी किती छापायची, ते कंपनी ठरवते. आकडा जेवढा फुगवाल तेवढी सूट मोठी दिसते. भाच्याच्या घरी गणपतीच्या आधी हेच मॉडेल घेतलं होतं आणि बिल त्याच्या फोनमध्ये होतं. २३,२००. म्हणजे सेलची खरी सूट २१० रुपये. एवढ्या पैशात लालबागच्या चिवडा गल्लीतून अर्धा-एक किलो चिवडा येईल, बस.

कॉटन ग्रीनच्या माणसाला खरं तर आकड्यांचं वेगळं सांगायला नको. स्टेशनजवळची ती हिरवी इमारत, कॉटन एक्स्चेंज, रोज आमच्या डोळ्यांपुढे असते. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईत यायचा आणि त्यावर अख्खी मुंबई आकडा लावायची. पुढे मटका आला, तेव्हाही ओपन-क्लोज राहिलंच. सेलमध्ये टक्केवारी हा ओपन असतो, दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला. क्लोज म्हणजे आपल्या खिशातून शेवटी एकूण किती गेले, तो आकडा. तो कुठेही लिहिलेला नसतो. आपणच काढायचा.

आमच्या फ्रिजचा क्लोज काढताना सगळ्यात जास्त वेळ हप्त्यांत गेला. “नो कॉस्ट ईएमआय आहे काकी, एक रुपया व्याज नाही.” मी विचारलं, रोख दिले तर? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, २१,८००. म्हणजे व्याज १,१९० रुपये होतंच, ते फक्त किमतीत मिसळून टाकलं होतं. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या लपलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय प्रोसेसिंग फी. हप्ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही. दिवाळीत एकदम वीस हजार काढणं सगळ्यांना जमत नाही. पण आधी रोखीचा भाव काढून घ्यावा आणि मगच हप्त्यांकडे वळावं. जुन्या फ्रिजच्या ‘एक्सचेंज बोनस’चंही तसंच. जुना न देता किती आणि देऊन किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागायचे. फरक भंगारवाल्याच्या भावाएवढाच निघाला तर तो बोनस कसला?

ताऱ्यांचा स्टिकर वाचायला मात्र दुकानात कुणी सवड देत नाही. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते लिहिलेलं असतं, आणि तो स्टिकर कोणत्या काळापुरता आहे तेही. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात. एसीचे जुलै २०२२ मध्ये झाले, फ्रिजचे जानेवारी २०२३ मध्ये, आणि जुने तारे तेव्हा खाली घसरले. असा बदल तोंडावर आला की जुन्या स्टिकरचा माल सेलमध्ये काढतात. त्यात गैर काही नाही, पण मग भावही तसा पाडून मागायला हवा. समजा एक फ्रिज वर्षाला १९० युनिट खातो आणि दुसरा २५०. बेस्टच्या विजेचं युनिट आठ रुपये धरलं तरी वर्षाला ४८० रुपयांचा फरक. दहा वर्षांत ४,८०० झाले.

गिरण्या चालू होत्या तेव्हा आमच्याकडे बोनसच्या पैशांतून फेंट यायचं, गिरणीचे उरलेले तुकडे. कुठे डाग, कुठे सूत तुटलेलं. पण खोट आहे हे सांगूनच ते विकायचे, म्हणून स्वस्त. सेलमधल्या ‘डिस्प्ले पीस’बद्दलही तेवढंच मागावं. खोट काय आहे ते बिलावर लिहून द्या, मग बघू.

शेवटी फ्रिज २१,८०० ला ठरला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मजल्यामागे चढवायचे वेगळे पैसे, हे टेम्पो दारात आल्यावर कळलं. हा प्रश्न दुकानातच विचारावा आणि उत्तर बिलावर घ्यावं. दाराची रुंदी आणि जिन्याचं वळणही घरून मोजून न्यावं. आमच्या बाजूच्या चाळीत एकाचा फ्रिज खोलीच्या दारातून आत जाईना म्हणून रात्रभर गॅलरीत उभा होता.

खोकं उघडताना भाचा मोबाईलवर शूटिंग करत होता, आणि तेच कामाला आलं. मागच्या बाजूला चांगला पोचा. दुकानाने हात झटकले, “कंपनीला फोन करा.” बिल ज्याने दिलं, जबाबदारी त्याचीही असते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठीत बोलता येतं. बिल, सीरियल नंबर आणि व्हिडिओ दिला, तक्रारीचा नंबर मिळाला. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती दुकानाकडे आणि कंपनीकडे पाठपुरावा करते. तरी भाऊबीजेनंतर नवा फ्रिज आला. नसता आला तर जिल्हा ग्राहक आयोग होता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर मात्र हवाच. कच्च्या चिठ्ठीवर कुणी उभं करत नाही.

फोनवरून घेणाऱ्यांसाठी एवढंच. ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ खोटं असेल, तर नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनी त्याला मनाई आहे. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकण्यालाही. तरी पैसे भरायच्या आधीच्या पानावर चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचावी आणि आपण न केलेली टिक दिसली की काढून टाकावी.