मदतीचा प्रयोग : खर्च किती, उरतं किती?

अकरावी-बारावीतल्या मुलाने किंवा मुलीने नाटक बसवायचं, वर्गमित्रांनी कामं करायची आणि जमलेले पैसे एखाद्या संस्थेला द्यायचे, ही कल्पना छानच आहे. फक्त हिशोब संहितेच्या पहिल्या वाचनाआधी मांडायला हवा. तो न मांडल्यामुळे प्रयोग हाऊसफुल होतो आणि संस्थेच्या हाती हारतुरे पडतात.

पुण्यातल्या एखाद्या छोट्या सभागृहातला दीड तासाचा प्रयोग धरू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचे दर विचारून ते बदला. सभागृहाचं भाडं ८,००० रुपये, प्रकाश आणि ध्वनी ७,०००, नेपथ्य ५,०००, कपडेपट व रंगभूषा ५,०००, लेखकाचं मानधन २,०००, टेम्पो २,०००, छपाई १,५००, ऐनवेळचा खर्च ३,५००. आता तालमीचा चहा-वडापाव. बारा जण, रोज माणशी २५ रुपये, वीस दिवस म्हणजे ६,०००, नेपथ्यापेक्षाही जास्त! एकूण ४०,०००. तिकीट २०० रुपये आणि प्रेक्षक २०० आले, तर जमाही ४०,०००. संस्थेला शून्य.

कात्री कुठे लावायची? सेटवर. दोन लेव्हल आणि तीन खुर्च्यांवर भागलं तर नेपथ्य हजारात होतं आणि टेम्पो लागतच नाही. कपडे घरचे वापरा, भाड्याने फक्त फेटे-पगड्या आणा. डबे घरून आणा. प्रकाशयोजनेत सभागृहाचे दिवे वापरून बाहेरचे स्पॉट कमी केले तर तिथेही ३,००० वाचतात. एवढ्याने खर्च २२,००० वर येतो आणि तेवढ्याच प्रेक्षकांत १८,००० उरतात. रंगभूषाकाराला मात्र फुकट बोलावू नका. दान तुम्ही करताय, त्याच्यावर लादू नका.

बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोग करायची हौस सगळ्यांनाच असते. पहिल्या खेपेला सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृह यांसारखी छोटी जागा बघा. भरलेलं छोटं सभागृह अर्ध्या रिकाम्या मोठ्या नाट्यगृहापेक्षा नटांनाही बरं आणि खिशालाही. चौकशी करताना भाड्याबरोबर डिपॉझिट, वीज, साफसफाई आणि जादा तासाचा दर विचारा. रंगीत तालीम त्याच जागेत हवी असेल तर तिचं भाडं वेगळं धरा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने चालत नाही, म्हणून बुकिंग पालकांच्या, शिक्षकांच्या किंवा संस्थेच्या नावावर करा.

‘चॅरिटी आहे, परवानगी कशाला?’ हा समज महागात पडतो. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात, विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसांपुढेच प्रयोग असेल, तर कॉपीराइट कायदा सूट देतो. बाहेरच्या प्रेक्षकांना तिकीट विकलं की ती सूट गेली. पैसे चांगल्या कामाला जाणार म्हणून ती परत मिळत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची नाटकं २०२९ अखेरपर्यंत परवानगीची. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०६१ उजाडेल. गोविंद बल्लाळ देवल (मृत्यू १९१६) किंवा दिवाकर (मृत्यू १९३१) यांच्या लेखनाला मानधन लागत नाही. पैसे कमी असतील तर माझं मत दिवाकरांच्या नाट्यछटांना : एकेक पात्र, नेपथ्य जवळजवळ नाही, आणि नवशिक्या दिग्दर्शकाला उच्चार-विराम शिकायला याहून चांगली शाळा नाही. मात्र आजच्या कुणी केलेलं रूपांतर घेतलं, तर त्याची परवानगी हवी.

जाहीर प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नवी संहिता असेल तर अर्ज तालमींच्या सुरुवातीलाच करा. सिनेमाचं गाणं वाजवायचं असेल तर संगीताच्या हक्कांचा वेगळा परवाना आणि त्याचे पैसे आले. पेटी-तबल्यावर स्वतः बांधलेली चाल या सगळ्यातून सुटते.

तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. मात्र तिकीट म्हणजे देणगी नव्हे. करसवलतीची पावती तिकिटावर मागणाऱ्या काकांना ते नम्रपणे सांगा. ज्यांना करसवलत हवी आहे त्यांनी नोंदणीकृत संस्थेला थेट देणगी द्यावी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर तिकिटापलीकडे जाहीर वर्गणी मागण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या, गणेशोत्सव मंडळं घेतात तशी. सर्वांत सुटसुटीत म्हणजे क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा लावायचा आणि सभागृहाचं भाडं एखाद्या ओळखीच्या दुकानदाराने जाहिरातीच्या बदल्यात थेट भरायचं. स्मरणिकेच्या भानगडीत पडू नका, छपाईच जाहिराती खाते.

फलकावर ‘सर्व उत्पन्न संस्थेला’ लिहायचं की ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’, हे आधी ठरवा. पहिलं लिहायचं असेल तर खर्चाचे पैसे दुसरीकडून आलेले हवेत.

प्रयोगाच्या रात्री रंगमंचावर पुठ्ठ्याचा मोठा चेक देऊ नका. डिपॉझिट परत यायचं असतं, ध्वनीवाल्याचं बिल बाकी असतं आणि कुणीतरी विकलेल्या वीस तिकिटांचे पैसे अजून त्याच्या दप्तरात असतात.