गुन्ह्यांची आकडेवारी कशी वाचावी?

जिल्ह्यातील गुन्ह्यांचे आकडे जाहीर झाले, की ग्रामसभेपासून शांतता समितीच्या बैठकीपर्यंत पहिला प्रश्न विचारला जातो तो 'गुन्हे वाढले की घटले?' हाच. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु पोलिसांच्या कामगिरीचे मोजमाप एवढ्या एका प्रश्नाने होत नाही. जाहीर होणारा आकडा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचा असतो. या दोहोंतील अंतर ओळखणे ही आकडेवारीच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.

आकडा कसा तयार होतो

पोलीस ठाण्यात आलेली तक्रार दखलपात्र गुन्ह्याची असल्यास ती प्रथम खबर म्हणून नोंदली जाते व तिला त्या वर्षाचा गुन्हा क्रमांक मिळतो. अदखलपात्र तक्रारीची नोंद वेगळी ठेवली जाते. ठाण्याचे आकडे पोलीस अधीक्षकांकडे जातात व मासिक गुन्हे आढावा बैठकीत त्यांची छाननी होते. राज्याचे एकत्रित आकडे पुणे येथील गुन्हे अन्वेषण विभाग, तर देशाचे आकडे १९८६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो.

महाराष्ट्रात गुन्ह्यांची विभागणी 'भाग १ ते ५' आणि 'भाग ६' अशी केली जाते. खून, दरोडा, घरफोडी, चोरी, दुखापत यांसारखे गुन्हे पहिल्या गटात, तर दारूबंदी, जुगार इत्यादी विशेष व स्थानिक कायद्यांखालील गुन्हे भाग ६ मध्ये येतात. घरफोडीची फिर्याद नागरिक घेऊन येतो. जुगाराचा गुन्हा बहुधा पोलिसांच्या छाप्यामुळेच उजेडात येतो. म्हणून भाग ६ मधील वाढ पुष्कळदा पोलिसांच्या तत्परतेचीही निदर्शक असते. दोन्ही गटांची बेरीज करून काढलेला निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरतो.

वाढ आणि घट यांचा अर्थ

२०१९ साली देशात सुमारे ५१ लाख ५६ हजार दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. २०२० साली हीच संख्या ६६ लाखांवर गेली. वरवर पाहता हे चित्र भीतिदायक आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी टाळेबंदी होती व चोरीचे गुन्हे घटले होते. शासकीय आदेशाचा भंग केल्याबद्दल तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली नोंदलेले गुन्हे मात्र सुमारे २९ हजारांवरून ६ लाख १२ हजारांवर गेले होते. तसेच बेपत्ता बालकाची खबर मिळताच गुन्हा नोंदवून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितल्यानंतर अपहरणाचे आकडे वाढले. ही वाढ स्वागतार्हच म्हटली पाहिजे. कारण पूर्वी केवळ 'बेपत्ता' म्हणून राहणाऱ्या मुलांचा आता तपास होऊ लागला.

याउलट, फिर्याद न घेता माणसाला परत पाठविले, तर आकडा आपोआप घटतो. अशा घटीची किंमत पीडित व्यक्तीला मोजावी लागते. ललिता कुमारी प्रकरणाच्या २०१३ मधील निकालाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरविली. प्राथमिक चौकशीला काही मर्यादित प्रसंगीच वाव आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही हद्दीतील गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यानंतरही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

नोंदीनंतरचे टप्पे

कामगिरीची खरी कसोटी नोंदीनंतर लागते. तपासाअंती दोषारोपपत्र दाखल होते किंवा दंडाधिकाऱ्यांकडे समरी अहवाल पाठविला जातो. गुन्हा खरा, परंतु उघडकीस आला नाही, तर 'अ' समरी. फिर्याद खोटी व द्वेषमूलक असेल, तर 'ब' समरी. आणि ती गैरसमजुतीची अथवा दिवाणी स्वरूपाची असेल, तर 'क' समरी असे हे वर्गीकरण आहे. 'अ' समरींची संख्या वाढत असेल, तर तपासाची साधने व मनुष्यबळ यांचा विचार करावा लागतो.

टक्केवारी वाचताना ती कशाची आहे हे पाहावे. समजा, एका ठाण्यात १०० गुन्हे दाखल झाले, ८० गुन्ह्यांचा तपास पूर्ण होऊन ६० प्रकरणी दोषारोपपत्र गेले आणि न्यायालयात २० खटल्यांचा निकाल लागून १० मध्ये शिक्षा झाली. येथे दोषारोपाचे प्रमाण ७५ टक्के, तर दोषसिद्धीचे ५० टक्के येते. दोन्ही आकडे खरे असले, तरी त्यांचा पाया भिन्न आहे. शिवाय निकाल लागलेले खटले बहुधा आधीच्या वर्षांतील असतात.

गावपातळीवरील जबाबदारी

मोठ्या व लहान गावांची तुलना लोकसंख्येच्या प्रमाणात, दर लाखामागे करावी. मात्र लहान गावात एक-दोन घटनांनीही प्रमाण पालटते, म्हणून किमान पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहणे इष्ट. पंचायत सदस्यांनी बैठकीत किती गुन्हे घडले एवढेच न विचारता किती उघडकीस आले, किती तपासावर प्रलंबित आहेत, चोरीस गेलेला किती माल मूळ मालकास परत मिळाला आणि फिर्यादीस तपासाची प्रगती ९० दिवसांत कळविली गेली काय, हेही विचारावे. संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतात, तर इतर माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते.

शिक्षकांची जबाबदारी याहून थेट आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने बंधनकारक केले आहे. शाळेच्या नावलौकिकासाठी ती दडविणे हा गुन्हा आहे. तसेच २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अनेक वाद सामोपचाराने मिटविले, तरी तंटा आणि गंभीर गुन्हा यांतील भेद पोलीस पाटलांनी व समित्यांनी कटाक्षाने पाळला पाहिजे.

गावाच्या नावापुढे शून्य गुन्हे असणे हे भूषण केव्हा? तर गावातील सर्वांत दुर्बल व्यक्तीही निर्भयपणे ठाण्याची पायरी चढू शकते, अशी खात्री असेल तेव्हाच.