पक्षाघातोत्तर तोल आणि ग्रीवेतील पेशी

पक्षाघाताचा रुग्ण चालू लागला की आप्तांना व वैद्यालाही हायसे वाटते. तथापि घरात भिंतीच्या आधाराने नीट फिरणारा रुग्ण डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर अथवा कल्याण स्थानकाच्या जिन्यावर बाजूला पाहताच झोकांडतो. अशा रुग्णाचे हातपाय आपण बारकाईने तपासतो. मान तपासायची राहून जाते.

सुश्रुतांनी ग्रीवेत चार पेशी सांगितल्या आहेत. हा आकडा आजच्या शारीरग्रंथांशी ओढूनताणून जुळविण्यात आम्हांस स्वारस्य नाही. त्यांचे कृकाटिका मर्माचे वर्णन मात्र मोलाचे आहे. शिर व ग्रीवा यांच्या संधीवरील हे वैकल्यकर मर्म. तेथे आघात झाल्यास चलमूर्धता, म्हणजे डोके स्थिर न राहणे. याच भागात कवटीच्या तळाशी सबऑक्सिपिटल या लहान पेशी असून ताण ओळखणारी संवेदनाग्रे त्यांत अतिशय दाट असतात. डोके धडाच्या कोणत्या बाजूस वळले, ही वार्ता त्या मेंदूस देतात. अंतःकर्ण व नेत्र यांच्या वार्तेशी ती जुळली तरच तोल राहतो.

पुढील बाब चिकित्सेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. उजव्या अंगाचा पक्षाघात झाल्यास उजवी ट्रॅपिझियस दुर्बल होते, हे अपेक्षितच. परंतु स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड पेशीचे गणित उलटे आहे. तिचे नियंत्रण मुख्यत्वे त्याच बाजूच्या मेंदूकडे असल्याने दुर्बलता डावीकडे येते. आणि डावी पेशीच डोके उजवीकडे वळविते. परिणामी ज्या अंगाचे भान आधीच उणे, त्याच बाजूला रुग्णाची मान वळत नाही. त्या बाजूने आलेली रिक्षा त्याला दिसत नाही. केवळ लुळ्या अंगाला तेल चोळण्याची आपल्याकडील रूढ पद्धत येथे अपुरी पडते.

रुग्णास बसवून, खांदे न हलविता, मान दोन्हीकडे वळविण्यास सांगावे. मग दुर्बल बाजूस आप्ताला उभे करून दहा पावले मान वळवीत चालवावे. पाऊल कोठे अडखळते, ते टिपून ठेवावे.

चरकांनी पक्षाघातात स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे. ग्रीवेपुरते कोमट तेलाचे अभ्यंग मागील बाजूस, दोन्हीकडे, हलक्या हाताने करावे. संवेदना मंदावलेली असते, म्हणून तेलाची उष्णता निरोगी हातावर पाहावी. उशीवर डोके हळुवार दाबून पाच अंक मोजणे, श्वास न रोखता. तसेच नजर एका बिंदूवर ठेवून मान सावकाश वळविणे, हे व्यायाम सोपे आहेत. पाणी पिताना ठसका लागत असेल तर नस्य देऊ नये.

मानेच्या पुढे व बाजूस, जेथे स्पंदन लागते, तेथे दाब नको. तो प्रदेश सिरामर्मांचा आहे. केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेण्यास तर सक्त मनाई करावी. व्हर्टिब्रल धमनी ग्रीवेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत मणक्यांच्या छिद्रांतूनच वर जाते; झटक्याने तिचे अस्तर फाटून नवा पक्षाघात होऊ शकतो.

औषधालयचालकांनाही एक विनंती. जुन्या रुग्णासाठी तेल मागणाऱ्या आप्ताने ‘आज सकाळपासून चक्कर, दोन-दोन दिसते, बोलणे जड’ असे सांगितल्यास तेल देऊ नये. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे तत्काळ धाडावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणारंभापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.